वाकड्या घराचं सरळसोट कौतुक

लिटल मोरटन हॉलचा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातलं, खंदकाने वेढलेलं, काळ्या-पांढऱ्या नक्षीचं, वेडंवाकडं कललेलं लाकडी घर. फोटोखाली ठरलेलं वाक्य असतं: "पाचशे वर्षं झाली, अजून उभं आहे! तेव्हाचे कारागीर ते कारागीर, नाहीतर आजची बांधकामं..."

मंडळी, हे कौतुक मला मान्य नाही.

कारागिरांचं कसब खरंच. ओकचा सांगाडा, एका तुळईत खाच, दुसरीचं टोक त्यात बसवलेलं आणि आरपार लाकडी खुंटी. सगळा भार या सांगाड्यावर, भिंती नुसत्या मधली जागा भरायला. रिचर्ड डेल नावाच्या सुताराने तर 1559 साली खिडक्यांवर स्वतःचं नाव कोरून ठेवलंय. बरोबरच केलं त्याने!

पण घर वाकडं का झालं? 1504 च्या सुमारास सुरू झालेलं बांधकाम शंभरेक वर्षं तुकड्यातुकड्याने चाललं. त्यात दक्षिणेच्या बाजूवर वरती एक लांबलचक गॅलरी चढवली आणि तिच्यावर दगडी फरशांचं छप्पर. त्या ओझ्याने खालचे मजले वाकले. म्हणजे ज्याला आपण जुन्यांची जादू म्हणतो, ती त्यांचीच चूक आहे. (आणि तो प्रसिद्ध काळा-पांढरा रंग? ती 19व्या शतकातली हौस. मूळचं ओक बहुधा न रंगवता तसंच ठेवलेलं असणार.)

बरं, घर आपोआप टिकलं का? मुळीच नाही. 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याची पार रया गेली होती, प्रार्थनाघरात कोळसा साठवत होते! पुढे घराण्यातल्या एलिझाबेथ मोरटन या जोगिणीने डागडुजी सुरू केली. गॅलरीला धातूच्या सळ्यांचा आधार मिळाला. 1938 मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे गेलं आणि दुरुस्त्या पुढेही चालू राहिल्या.

या लोकांची नावं फोटोखाली कधी येत नाहीत. आपल्याला बांधणाऱ्याचं कौतुक, राखणाऱ्याचं नाही. आणि "जुनं म्हणजे मजबूतच" असं एकदा मनाने घेतलं की छप्पर बघायला वर कोणी चढतच नाही. मग घर पडलं की दोष काळाला!

पटत नसेल तर भांडा. पण पुढच्या वेळी तो फोटो पाठवाल तेव्हा त्या सळ्यांचाही उल्लेख करा.