केसांची खतावणी

चातुर्मासात सांगली-सातारा परिसरात मुनिराजांचा केशलोच असला, की श्रावक-श्राविका गावोगावहून दर्शनास येतात. दिगंबर परंपरेत मुनी दोन ते चार महिन्यांच्या अंतराने स्वतःच्या हातांनी केस उपटतात. देहावरील ममत्व सोडण्याचे ते व्रत आहे. गृहस्थाला मात्र ते ममत्व सुटत नाही. कंगव्यात चार केस अधिक आले, की तो अस्वस्थ होतो आणि तेलाची बाटली बदलतो. केस कशामुळे गेले, याची चौकशी फारच थोड्या घरांत होते.

दिवाळीच्या आगेमागे पेठेतील अनेक घरांत एक दृश्य दिसते. वहीपूजनाची धांदल संपते आणि घरातील सुनेच्या लक्षात येते, की न्हाताना केसांचे पुंजके हाती येत आहेत. सासूबाई बोअरच्या पाण्याला दोष देतात, नणंद नवा शाम्पू सुचवते. त्या सुनेने पर्युषणात अठाई केली होती, हे मात्र कोणाच्याच ध्यानी येत नाही.

वास्तविक उत्तर तेथेच असण्याचा संभव अधिक. माणसाच्या डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, पुढे सुमारे ३ महिने विश्रांती घेतो आणि गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. परंतु शरीराला मोठा ताण पडला, म्हणजे टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा दीर्घ उपवास घडला, तर पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात आणि २ ते ३ महिन्यांनी एकदमच गळतात. रोजमेळातील नोंद खतावणीत उशिरा उतरावी, तसा हा प्रकार. गळती लागली, की कालचे पाणी आठवण्याऐवजी तीन महिन्यांपूर्वीचे पान उघडावे. कारण एवढेच असेल, तर साधारणतः सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते आणि केस पुन्हा येतात.

पण केस परत आले नाहीत किंवा दम लागणे, थकवा, चेहऱ्यावरचा फिकेपणा ही लक्षणेही सोबत असली, तर नोंद अधिक गंभीर आहे. पहिला संशय रक्तातील लोहाच्या कमतरतेचा घ्यावा. कित्येक स्त्रिया वर्षानुवर्षे थकलेल्या असतात आणि त्यालाच आपला स्वभाव समजतात. हिमोग्लोबिनचा आकडा ठीक असूनही शरीरातील लोहाचा साठा रिता असू शकतो. त्यासाठी फेरिटिन ही वेगळी तपासणी असते. पर्वतिथींना हिरवी भाजी वर्ज्य असणाऱ्या घरांत बाजरी, हरभरा, मटकी यांचे महत्त्व वाढते. जेवणात लिंबू असावे आणि जेवणाला लागूनच चहा घेऊ नये, कारण चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही.

दुसरी बाब जीवनसत्त्व ब-१२ ची. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतूनच मिळते. जे वारंवार आयंबिल करतात किंवा दूध पूर्णपणे सोडतात, त्यांच्यात ते घटते. अकाली पिकणारे केस आणि हातापायांना येणाऱ्या मुंग्या ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर तपासणीस विलंब करू नये. मज्जातंतूंची हानी पुढे भरून येईलच असे नाही.

केस राठ व कोरडे होणे, भुवयांची बाहेरची टोके विरळ होणे, थंडी अधिक वाजणे हा थायरॉइड मंदावल्याचा इशारा असू शकतो. मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येऊ लागले, तर स्त्रीरोगतज्ज्ञांस दाखवावे. नाण्याएवढी गोल चाई पडली, तर ती किडीने पडली असे समजू नये. शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच केसांवर उलटल्याने ती पडते. पुरुषांचे आनुवंशिक टक्कल बहुधा कोणत्याही रोगाचे लक्षण नसते.

पाण्याला आणि शाम्पूला दोष देण्याची घाई किती फसवी असते, हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस काही दिवसांतच झडून डोकी उघडी पडू लागली. प्रथम संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि घरातील गहू तपासून घेतले. त्यांच्या निष्कर्षानुसार रेशनच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य फार अधिक होते आणि रुग्णांच्या रक्तात जस्त कमी होते.

धान्याचा व्यापार करणाऱ्या कुटुंबांनी यातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. अन्नातील दोष प्रथम केसांवर दिसू शकतो, ही एक. दुसरी अशी, की सेलेनियम शरीराला अल्प प्रमाणात हवेच असते, पण तेच अधिक झाले तर केस घालवते. जीवनसत्त्व ‘अ’ चेही तसेच. त्यामुळे केसांसाठी मिळणाऱ्या गोळ्या तपासणीवाचून घेणे धोक्याचे. त्यांतील बायोटिनमुळे थायरॉइडच्या चाचणीचा आकडाही चुकू शकतो. म्हणून अशी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

उपवास सोडावेत, असे यातून कोणी समजू नये. तप हा धर्म आहे आणि शरीर हे त्याचे साधन आहे. अठाईपूर्वी एकदा हिमोग्लोबिन पाहावे, पारण्यानंतर काही आठवडे आहार सांभाळावा, आणि गर्भवती, नुकत्याच बाळंत झालेल्या व मधुमेही व्यक्तींनी वैद्यांचा सल्ला घेतल्यावाचून मोठे पच्चक्खाण घेऊ नये. हिमोग्लोबिनची तपासणी सांगली आणि सातारा येथील शासकीय रुग्णालयांतही होते. तपस्विनीची मिरवणूक काढण्यास सगळे कुटुंब उत्साहाने पुढे येते. तीन महिन्यांनी तिचे केस गळू लागले, की तिला तपासणीस घेऊन जाण्यासाठीही त्याच कुटुंबातील एकाने दुकानातून तासभर वेळ काढावा.