न्यायासनाची किल्ली कोणाकडे?

न्यायाधीश लोकांनी निवडावा, असे न्यूयॉर्क राज्याची घटना सांगते. परंतु लोकांपुढे नाव कोणाचे ठेवावे, हे पक्षाचे सुभेदार ठरवितात. तेथे ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणजे मूळ खटले चालविणारे न्यायालय. त्याच्या न्यायाधीशपदाच्या इच्छुकाचे नाव पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर येतच नाही. येतात ती प्रतिनिधींची नावे, आणि हे प्रतिनिधी कोणाचा पुरस्कार करणार, याचा तेथे उल्लेखही नसतो. पुढे अधिवेशनात तेच उमेदवार ठरवितात. स्वतःचे प्रतिनिधी उभे करावयाचे, तर प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांच्या 500 सह्या हव्यात, त्याही 37 दिवसांत! ज्याच्या हाती यंत्रणा, त्यालाच हे साधते.

मार्गारिटा लोपेझ टोरेस 1992 मध्ये ब्रुकलिनच्या दिवाणी न्यायालयावर निवडून आल्या. पुढाऱ्यांची माणसे नोकरीत घेण्यास नकार दिला, म्हणून आपली बढतीची वाट अडविली गेली, ही त्यांची तक्रार. 2006 मध्ये खालच्या न्यायालयांनी ती मानली. 2008 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल फिरविला. कायदा मूर्खपणाचा असला, तरी तेवढ्याने घटनाबाह्य ठरत नाही, ही कबुली न्या. स्टीव्हन्स यांनी दिली.

घटनाबाह्य नाही, म्हणून न्याय्य ठरते काय? उमेदवारीसाठी पुढाऱ्याचा उंबरठा झिजविणारा न्यायाधीश उद्या त्याच्याच विरुद्ध निवाडा देईल, अशी हमी कोण देणार? मतदान ही लोकशाहीची अखेरची पायरी आहे. पहिली पायरी उमेदवारीची. ती पुढाऱ्याच्या ताब्यात गेली, की उरलेली निवडणूक केवळ शिक्कामोर्तब होय. पक्ष कोणताही असो, ही पायरी साध्या सभासदाने सोडता कामा नये.