काठीविना वळण

सकाळी साडेसहाची वेळ. आजोबा अभिषेकासाठी धोतर-दुपट्टा परिधान करून मंदिराकडे निघालेले असतात आणि नेमक्या त्याच क्षणी घरातला वर्षभराचा लॅब्रॅडॉर आनंदाच्या भरात त्यांच्या अंगावर झेप घेतो. शुद्ध वस्त्रांवर पंजांचे ठसे उमटतात. आजोबांना पुन्हा स्नान करावे लागते, सून ओशाळते, मुलगा वर्तमानपत्राची गुंडाळी श्वानाच्या पाठीत हाणतो आणि त्याला खाली पार्किंगमध्ये साखळीने बांधून दुकानाकडे निघून जातो. दुपारभर ते जनावर भुंकत राहते. शेजाऱ्यांची तक्रार येते. रात्री घरात एकच विषय निघतो : याला कुणाला तरी देऊन टाकावे. सिडकोतील सदनिका असो की राजाबाजारातील जुने घर, छत्रपती संभाजीनगरातील ज्या व्यापारी कुटुंबांनी मुलांच्या हट्टापायी पिल्लू आणले आहे, त्यांना हा प्रसंग अपरिचित वाटणार नाही.

या घरात मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून काळजी घेतली जाते. पांजरपोळाला दरवर्षी नियमाने दान जाते. तरीही त्याच घरातील प्राण्याला मार बसतो, आणि त्यात कुणाला विसंगती जाणवत नाही. कारण तो मार ‘वळण लावण्यासाठी’ असतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यातील वध म्हणजे प्राणहरण नव्हे. काठी, चाबूक यांचा मार असाच अर्थ टीकाकारांनी दिला आहे. दिवसभराची साखळी हा बंध झाला, गुंडाळीचा फटका हा वध. रुबाबदार दिसावे म्हणून पिल्लाचे कान वा शेपूट कापून घेणे हा छेद, आणि ‘ऐकत नाही तर आज जेवण नाही’ हा अन्नपाननिरोध. ओझे वाहणाऱ्या बैलासाठी असलेला अतिचार सोडला, तर उरलेले चारही दिवाणखान्यातील श्वानाच्या वाट्याला येऊ शकतात.

देशाचा कायदाही याहून फार वेगळे सांगत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमात मारहाण, आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि पुरेसे अन्नपाणी न देणे हे गुन्हे आहेतच. शिवाय सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे फिरवले नाही, तर त्याचाही स्वतंत्र उल्लेख आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये, म्हणजे आज एका चहाची किंमत.

मारल्याशिवाय जनावर ऐकत नाही, हा समज बराच पसरलेला आहे. त्याला काही काळ शास्त्राचाही आधार मिळाला. पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना परक्या लांडग्यांच्या १९४७ मधील निरीक्षणावरून ‘कळपाचा म्होरक्या’ ही कल्पना रूढ झाली आणि मालकाने श्वानावर वर्चस्व गाजवलेच पाहिजे, असा निष्कर्ष काढला गेला. डेव्हिड मेक या अमेरिकी संशोधकाच्या १९७० च्या ग्रंथाने ती कल्पना सर्वदूर नेली. पुढे जंगलातील लांडग्यांचा प्रत्यक्ष अभ्यास केल्यावर त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिले की, कळप म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले. तेथे म्होरकेपणाची झुंज नसते, कुटुंब असते. स्वतःच्याच ग्रंथाची अशी दुरुस्ती करणारे विद्वान विरळाच. पशुवर्तनाच्या अमेरिकी पशुवैद्यक संघटनेनेही २०२१ मध्ये केवळ बक्षिसावर आधारित शिक्षणाचीच शिफारस केली आहे.

त्यामागचे तत्त्व व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या व्यवहारात लाभ होतो तो माणूस पुन्हा करतो. प्राणीही तेच करतो. अंगावर उडी मारणाऱ्या श्वानाला लाभ कोणता? घरच्यांचे लक्ष. रागावणे, ढकलणे, ओरडणे हेसुद्धा त्याच्या लेखी लक्षच होय. म्हणून उडी येताच पाठ फिरवावी, हात छातीशी घ्यावेत, एक शब्दही बोलू नये. चारही पाय जमिनीवर टेकले की त्या क्षणी खाऊ आणि कौतुक. पुढे ‘बस’ म्हटल्यावर बसला तरच भेट, असा नियम करावा. बसलेला श्वान उडी मारू शकत नाही, एवढे साधे गणित त्यात आहे. बक्षीस मात्र रोखीने द्यावे, उधारीने नव्हे. एक-दोन सेकंदांत दिलेला तुकडा कशाबद्दल आहे ते त्याला कळते. स्वयंपाकघरातून डबा शोधून आणेपर्यंत तो उठून पुन्हा उडी मारत असतो आणि बक्षीस उडीला मिळते.

पहिले काही दिवस उड्या कमी होण्याऐवजी वाढतात. जुना लाभ बंद झाला की जनावर आधी अधिक जोर लावून पाहते. बहुतेक घरे येथेच हार मानतात. शिवाय घरातील सात माणसांपैकी सहा जणांनी नियम पाळला आणि धाकट्या काकांनी उडी मारल्यावर लाड केले, तर सहा जणांची मेहनत वाया जाते.

खाऊ कोणता द्यावा, ही शाकाहारी घरातील खरी शंका. हरभऱ्याच्या दाण्याएवढे पनीरचे तुकडे, बिनमिठाची चपाती किंवा भाकरी, बिया काढलेले सफरचंद, शिजवलेला भोपळा पुरेसा होतो. बेदाणे, द्राक्षे आणि चॉकलेट मात्र कधीही नको. ती श्वानाला विषारी ठरतात. कांदा-लसूणही त्याला अपायकारक, पण ती अडचण अनेक घरांत मुळातच नाही. रोजच्या आहाराबाबत मात्र पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाने शिकवणीचा वेळ सूर्यास्तापूर्वी ठेवावा. पाण्याचे भांडे मात्र रात्रीही भरलेले हवे. खाऊखेरीज शाबासकीही चालते. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनोळखी माणसावर रस्त्यावरील कुत्र्यांचा विश्वास जास्तीच्या खाऊपेक्षा थोपटण्याने अधिक बसतो, असे आढळले.

मुंबई पोलिसांचा झंजीर अनेकांना आठवत असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात या लॅब्रॅडॉरने ३,००० किलोहून अधिक आरडीएक्स शोधण्यास मदत केली. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला. नाव साखळीचे, पण स्फोटके हुंगणारे श्वान साखळीच्या धाकाने तयार होत नाहीत. वास सापडला की चेंडू वा खाऊ मिळतो, म्हणून त्यांच्या दृष्टीने तो खेळच असतो.

एक गोष्ट विशेष जपावी. श्वान गुरगुरला म्हणून त्याला मारू नये. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना असते. मार खाऊन ती सूचना द्यायचे तो बंद करतो, भीती मात्र तशीच राहते, आणि एखाद्या दिवशी घरातील लहान मुलाला न गुरगुरताच चावतो. अशा वेळी मुलाला दूर घ्यावे, श्वानाला मोकळी जागा द्यावी आणि कारण शोधावे. अनेकदा ते कानदुखीसारखे साधे दुखणे असते.

दिवाळीच्या फटाक्यांची तयारीही आधी एक-दोन महिने सुरू करावी. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी मंद लावायचा आणि सोबत पनीर द्यायचे. तो निवांत राहिला तरच दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवायचा, बावरला तर पुन्हा कमी करायचा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आतल्या खोलीत, खिडक्या लावून, त्याच्या ओळखीची चादर टाकून ठेवावी आणि घरातील एकाने त्याच्याजवळ बसावे.