एसजीपीटी उतरला म्हणजे कावीळ बरी झाली का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सावद्याला माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ पत्नीचे दोन रिपोर्ट घेऊन आले. पहिल्यात एसजीपीटी १८००, आठ दिवसांनंतरच्या रिपोर्टमध्ये ३००. "डॉक्टरसाहेब, माळ घातली अन् कावीळ उतरली बघा," ते समाधानाने म्हणाले. बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. सातवा महिना, डोळे पिवळेजर्द, सारखी ओकारी आणि बोलण्यात गुंगी. मी त्यांना त्याच गाडीने जळगावला पाठवले. बाई थोडक्यात वाचल्या.

वाचकहो, एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतले एक विकर. पेशी फुटली की ते रक्तात सांडते. १९५७ मध्ये राइटमन आणि फ्रँकेल यांनी रंगावरून ते मोजण्याची सोपी पद्धत दिली आणि तपासणी लहान गावांतल्या लॅबपर्यंत पोहोचली. सोय झाली, पण आकड्याची भक्तीही सुरू झाली.

कणगी फुटली की धान्य सांडते. सांडणे थांबले म्हणजे कणगी सांधली असे नव्हे. कधी आत धान्यच उरलेले नसते! यकृताचे तसेच आहे. ते काम करते की नाही हे बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याची वेळ, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, यांवरून कळते. आकडा उतरतोय आणि रोगी गुंगतोय, तर तो धोका समजावा.

उलट बाजूही आहे. केळीचे घड दिवसभर वाहणाऱ्या मजुराचा एसजीओटी थोडा वाढलेला दिसू शकतो, कारण ते विकर स्नायूंतही असते. थोडा वाढलेला एसजीपीटी चरबी, दारू किंवा टीबीच्या गोळ्यांमुळेही असतो. आणि जुनाट हिपॅटायटिस 'बी' असूनही तो नॉर्मल येऊ शकतो.

मग माळेला यश का येते? दूषित पाण्यातून होणारी 'ए' आणि 'ई' कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळेला जाते. माळ घालणाऱ्याशी माझे भांडण नाही. माळेच्या भरवशावर वाया जाणाऱ्या दिवसांशी आहे. गरोदर स्त्रीला 'ई' कावीळ जिवावर बेतते. तिथे एक दिवसही फार असतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच : रिपोर्ट जरूर काढा, पण कागदाआधी माणसाकडे पाहा. कावीळ असताना गुंगी, असंबद्ध बोलणे, न थांबणारी ओकारी, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसले, किंवा बाई गरोदर असली, तर आकडा कितीही असो, तडक मोठे हॉस्पिटल गाठा.