नकाशावरचा फेरफटका : ओक्लाहोमा

मुलांनो, आज ॲटलास उघडा, अमेरिकेचं पान काढा आणि टेक्सासच्या डोक्यावर बोट ठेवा. तिथे एक राज्य दिसेल, अगदी दांडा असलेल्या तव्यासारखं. तवा उजवीकडे, दांडा डावीकडे. हे आपलं आजचं राज्य, ओक्लाहोमा. आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं मोठं. पण माणसं किती? जेमतेम चाळीस लाख. म्हणजे आपल्या एका पुणे जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाहीत.

तो दांडा कुणी हौसेने काढलेला नाही बरं का. टेक्सासमध्ये गुलाम बाळगायची पद्धत होती, आणि एका ठरावीक अक्षांशाच्या (३६ अंश ३० मिनिटं) उत्तरेला गुलामी नको, असा अमेरिकेत जुना करार होता. गुलाम सोडण्यापेक्षा जमीन सोडलेली बरी, असा हिशेब करून टेक्सासने १८५० मध्ये त्या रेषेच्या वरची पट्टी सोडून दिली. पुढे चाळीस वर्षं ती पट्टी कुठल्याच राज्यात नव्हती. लोक तिला ‘कुणाचीच नसलेली जमीन’ म्हणत. १८९० मध्ये ती ओक्लाहोमाला चिकटवली आणि तव्याला दांडा आला.

आता नाव. चॉक्टॉ नावाच्या मूळ अमेरिकन लोकांच्या भाषेत ‘ओक्ला’ म्हणजे माणसं आणि ‘हुम्मा’ म्हणजे लाल. आपल्या जुन्या पुस्तकांत ज्यांना ‘रेड इंडियन’ म्हटलेलं असतं, त्यांचा हा प्रदेश. पण गंमत बघा, चॉक्टॉ काही मूळचे इथले नव्हेत. त्यांचं घर पूर्वेला, मिसिसिपी राज्याच्या बाजूला. मग ते इथे कसे आले?

त्यांना आणलं गेलं. पूर्वेकडे चेरोकी, चॉक्टॉ, चिकासॉ, क्रीक आणि सेमिनोल अशा पाच जमाती राहत. त्यांची गावं होती, शेतं होती. गोऱ्या वसाहतवाल्यांना कापसासाठी ती जमीन हवी होती. त्यातच जॉर्जियात सोनं सापडलं. १८३० मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात कायदाच झाला : या लोकांनी मिसिसिपी नदीच्या पलीकडे जावं, तिकडची जमीन कायमची त्यांची. ‘कायमची’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चेरोकी लोक मुकाट्याने उठले नाहीत. त्यांची बाजू थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १८३२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागलासुद्धा! पण सरकारने तो पाळलाच नाही. १८३८ मध्ये सैनिकांनी घराघरांतून माणसं बाहेर काढली आणि छावण्यांत कोंडली. मग ऐन हिवाळ्यात, बर्फातून, बहुतेकांनी पायी, हजार मैलांच्या आसपासचा प्रवास केला. मुंबईहून दिल्लीला आपण आगगाडीने जातो, त्याहूनही लांब. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार माणसं या सगळ्यात दगावली असं मानतात. त्या रस्त्याला आजही ‘अश्रूंची वाट’ म्हणतात. आणि हेही सांगायला हवं, की त्या वाटेवर काळे गुलामही चालत होते. या जमातींतल्या श्रीमंतांनीही गुलाम ठेवलेले होते.

याच चेरोकींमध्ये सिक्वोया नावाचा एक कारागीर होता, चांदीकाम करणारा. मी बारखडी शिकवणारी मास्तरीण, त्यामुळे मला हा माणूस फार आवडतो! त्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हतं. गोरे लोक कागदावर रेघोट्या काढून लांबच्या माणसाशी बोलतात, हे त्याने पाहिलं आणि त्याला वाटलं, आपल्या भाषेला हे का जमू नये? आधी त्याने प्रत्येक शब्दाला एक खूण करून पाहिली. पण शब्द काय थोडे असतात? मग त्याच्या ध्यानात आलं, की शब्द हजारो असले तरी आवाज मोजकेच आहेत. १८२१ च्या सुमारास त्याची लिपी तयार झाली, ८६ अक्षरांची. पुढे त्यातलं एक गळलं आणि ८५ राहिली.

आपल्या बारखडीशी ताडून पाहा. आपण ‘क’ला काना, वेलांटी, मात्रा लावून का, की, के करतो. सिक्वोयाच्या लिपीत मात्र अशा प्रत्येक आवाजाला निराळंच चित्र आहे. काही अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात, पण फसू नका. इंग्रजी ‘डब्ल्यू’सारखं दिसणारं अक्षर वाचायचं ‘ला’, ‘एच’सारखं दिसणारं ‘मी’ आणि ‘डी’सारखं दिसणारं चक्क ‘अ’!

लोकांचा आधी विश्वास बसेना. मग सिक्वोयाने आपल्या लहान मुलीला, आयोकाला, लिपी शिकवली आणि दोघांना लांब लांब बसवून परीक्षा झाली. एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं. पोरगी पास झाली, लिपीही पास झाली. १८२८ मध्ये चेरोकी भाषेत वर्तमानपत्र निघू लागलं. सिक्वोयाची लाकडी झोपडी ओक्लाहोमात अजून जपून ठेवली आहे.

एक गोष्ट राहिलीच. १८४७ मध्ये समुद्रापलीकडे आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजून भयंकर दुष्काळ पडला होता. ही बातमी चॉक्टॉ लोकांच्या कानावर आली. स्वतः घरादारातून उठून त्यांना पंधरा-सोळा वर्षंच झाली होती. तरी त्यांनी १७० डॉलर जमवून पाठवले. आयर्लंड ते विसरलं नाही. तिथे मिडलटन गावात या मदतीची आठवण म्हणून पोलादी पिसांचं एक उंच शिल्प उभं आहे. नऊ पिसं आहेत, मधे वाडग्यासारखी पोकळी ठेवून.

आता त्या ‘कायमच्या’ जमिनीचं काय झालं ते ऐका. अमेरिकेत यादवी युद्ध झालं, त्यात या जमातींतले बरेच लोक हरलेल्या बाजूने लढले. शिक्षा म्हणून १८६६ मध्ये त्यांच्या प्रदेशाचा पश्चिमेकडचा मोठा भाग सरकारने काढून घेतला. त्यातला मधला तुकडा, सुमारे वीस लाख एकर, गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटायचं ठरलं. कसा? शर्यत लावून!

२२ एप्रिल १८८९. सीमेवर पन्नास हजारांच्या आसपास माणसं. कुणी घोड्यावर, कुणी गाडीत, कुणी पायी, कुणी आगगाडीच्या डब्याला लोंबकळून. बाराच्या ठोक्याला इशारा झाला आणि सगळे सुटले. मोकळी जागा दिसली की खुंटी ठोकायची, १६० एकर तुमचे. गथ्री नावाच्या ठिकाणी सकाळी एक रेल्वे स्टेशन आणि चार-दोन घरं होती. रात्री तिथे दहा हजार माणसांचं तंबूंचं शहर झालं होतं. ओक्लाहोमा सिटीही त्याच दिवशी जन्माला आली.

काही बहाद्दर इशारा होण्याआधीच आत घुसून झुडपांत लपले होते. त्यांना ‘सूनर’ म्हणत, म्हणजे आधीच पोचलेले. पुढे राज्यानेच हे टोपणनाव अभिमानाने लावून घेतलं! (आमच्या वर्गात रांग मोडणाऱ्याला मात्र असा मान मिळत नाही.) या शर्यतीचं वर्णन पुष्कळ पुस्तकांत मोठ्या धाडसाची गोष्ट म्हणून केलेलं असतं. धाडस होतंच. पण ज्यांची जमीन वाटली जात होती, ते त्या शर्यतीत कुठे होते, हे विचारायला हवं.

राहिलेली जमीनही फार दिवस टिकली नाही. जमातीची जमीन सगळ्यांची मिळून असायची. सरकारने तिचे माणशी तुकडे पाडले. तुकडे विकले गेले, काही फसवून घेतले गेले. १९०५ मध्ये मूळ अमेरिकनांनी आपलं वेगळं राज्य मागितलं. त्याला नाव द्यायचं होतं सिक्वोया! वॉशिंग्टनने नाही म्हटलं. १६ नोव्हेंबर १९०७ ला सगळं एकत्र करून ओक्लाहोमा हे ४६ वं राज्य झालं.

मग तेल सापडलं आणि पैसा धो धो आला. टल्सा शहर त्यावरच मोठं झालं. त्याच शहरात ग्रीनवुड ही काळ्या लोकांची भरभराटीची वस्ती होती. त्यांची दुकानं, त्यांचे डॉक्टर, त्यांची थिएटरं. १९२१ च्या ३१ मे आणि १ जूनला गोऱ्या जमावाने ती जाळून टाकली. हजारावर घरं गेली, माणसं मारली गेली. कितीतरी वर्षं तिथल्या शाळेच्या पुस्तकांत याची ओळसुद्धा नव्हती.

दांड्याकडच्या कोरड्या भागात वेगळंच संकट आलं. शेतकऱ्यांनी गव्हासाठी मैलोन्‌मैल गवताळ जमीन नांगरली होती. माती धरून ठेवणारी मुळंच गेली. १९३० नंतर पाऊस रुसला आणि माती वाऱ्यावर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ ला असं धुळीचं वादळ आलं, की भर दिवसा काळोख झाला. हजारो कुटुंबं सामान बांधून कॅलिफोर्नियाला गेली. एकेकाळी जिथे धावत येऊन जमीन मिळवली, तिथूनच ही पळापळ.

आणि तो ‘कायमची’ हा शब्द? ९ जुलै २०२० ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला. क्रीक लोकांना दिलेला राखीव प्रदेश मोडल्याचं संसदेने कधी लिहिलेलंच नाही. म्हणून गुन्ह्यांच्या खटल्यांपुरता तो प्रदेश अजून राखीवच आहे. टल्सा शहराचा बराच भागही त्यात येतो. कुणाचं घर कुणाला गेलं नाही, पण जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा कागद न्यायाधीशांना उघडून वाचावा लागला. पुढे इतर चार जमातींच्या बाबतीतही तिथल्या न्यायालयाने हेच म्हटलं.

चेरोकींची राजधानी टॅलेक्वा आज ओक्लाहोमात आहे. तिथल्या रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीच्या जोडीला सिक्वोयाची अक्षरं दिसतात. गावात एक शाळा आहे, तिथे लहान मुलांना सगळे विषय चेरोकीत शिकवतात. ८५ अक्षरं घोकायची, तीही काना-मात्रेशिवाय!