ठेवी बँकेत, वारस दारोदार

नोकरदार माणसाच्या निधनानंतर तेरावा दिवस उलटतो न उलटतो, तोच त्याच्या घरी एक नवे काम सुरू होते. त्याने कोठे कोठे पैसे ठेवले होते, याचा शोध घेण्याचे हे काम होय. ते बहुधा पत्नीच्या वाट्याला येते आणि घरातील सर्वांत कमी माहिती बहुधा तिलाच असते. पतीच्या हयातीत त्याच्या खात्यांविषयी विचारणे हे आपल्याकडे अविश्वासाचे लक्षण मानले जाते, मृत्यूच्या संदर्भात विचारणे तर अशुभच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे सूत्र संसार चालेपर्यंत ठीक असते. मूठ झाकणारा हातच गेला म्हणजे आत काय होते, हे सांगणारे कोणी उरत नाही.

हा प्रश्न किती मोठा आहे, याची कल्पना एका आकड्यावरून यावी. दहा वर्षे ज्या खात्यांकडे कोणी फिरकले नाही, त्यांतील रकमा रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा होतात. हा निधी २०१४ साली स्थापन झाला. मार्च २०२३ अखेर त्यात ६२,२२५ कोटी रुपये होते. मार्च २०२४ अखेर ते ७८,२१३ कोटी झाले. यांतील सर्वच रक्कम मृतांची आहे असे नव्हे. काही खाती हयात माणसेही विसरतात. परंतु ज्या पैशाची कोणाला तरी गरज आहे, तो पैसा मालक सापडत नाही म्हणून वर्षानुवर्षे पडून राहतो, एवढे यावरून निश्चित होते.

मराठवाड्यात हा शोध अधिकच बिकट होतो, त्याला ऐतिहासिक कारणे आहेत. निजामी राजवटीत १९४१ साली स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. या भागातील कित्येक शिक्षकांचे व कारकुनांचे पगार, ठेवी आणि निवृत्तिवेतन याच बँकेत असत. ट्रंकेच्या तळाशी सापडलेल्या पासबुकावर तिचे नाव असते. रस्त्यावर मात्र त्या नावाची पाटी नसते. देना बँक आणि विजया बँक २०१९ साली बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या, आंध्र व कॉर्पोरेशन बँका २०२० साली युनियन बँकेत. छत्रपती संभाजीनगरात मुख्यालय असलेली महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक यांचे १ मे २०२५ पासून एकत्रीकरण झाले. खुद्द शहराचे नाव २०२३ साली बदलले. या बदलांतील एकानेही कोणाचा पैसा बुडाला नाही, कारण विलीन झालेल्या बँकेची देणी नव्या बँकेवर येतात. पण कन्नड, वैजापूर, पैठण अशा बदल्या झालेल्या आणि प्रत्येक ठिकाणी नवे पगारखाते उघडलेल्या शिक्षकाची पत्नी ही साखळी कशी जुळवणार?

यावर सरकारी उत्तर आहे ते ‘उद्गम’ या संकेतस्थळाचे. पत्रकार सुचेता दलाल यांनी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करून, मृत खातेदारांची माहिती वारसांना एकाच ठिकाणी मिळावी, अशी मागणी केली होती. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ सुरू केले. मार्च २०२४ पर्यंत त्यावर ३० बँका आल्या होत्या, आणि बेवारस ठेवींपैकी मूल्याने सुमारे ९० टक्के ठेवी त्यांच्याकडे होत्या. हे पाऊल स्वागतार्ह खरेच. तथापि त्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे. त्यावर दिसतात त्या निधीकडे वर्ग झालेल्या, म्हणजे दहा वर्षे निपचित पडलेल्या ठेवी. ज्या स्त्रीचा पती गेल्या वर्षी वारला, तिला या यादीत त्याची चालू खाती दिसणारच नाहीत. मुलांची फी आज भरावयाची असताना दहा वर्षांनी उत्तर देणारी व्यवस्था तिच्या काय कामाची? शिवाय टपाल खात्यातील बचत आणि पतसंस्थांतील ठेवी या यादीच्या बाहेर आहेत. पगारातून शिक्षक पतसंस्थेची वर्गणी कापली जाणाऱ्या घरांत हा भाग लहान नसतो. पतसंस्थेच्या ठेवीला बँक ठेवीप्रमाणे पाच लाखांचे विमासंरक्षण नाही, हेही येथे ध्यानात ठेवलेले बरे. या शहरातील आदर्श महिला नागरी सहकारी पतसंस्थेचे प्रकरण २०२३ साली उघडकीस आल्यानंतर ते कोणाला वेगळे सांगावे लागू नये.

आता कायद्याची गंमत पाहा. वारसनोंद नसलेल्या मोठ्या रकमेसाठी बँक दिवाणी न्यायालयाचे वारसाहक्क प्रमाणपत्र मागू शकते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ३७२ नुसार, ज्या येणे रकमांसाठी प्रमाणपत्र हवे, त्या अर्जातच नमूद कराव्या लागतात. म्हणजे खाते ठाऊक असल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. आणि बँक गोपनीयतेवर बोट ठेवून म्हणते, की प्रमाणपत्र दाखविल्याशिवाय खात्याची माहिती नाही. मागाहून सापडलेल्या रकमेसाठी कलम ३७६ अन्वये प्रमाणपत्राची व्याप्ती वाढविता येते. पण त्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढणे आलेच.

दुसरा घोळ नामनिर्देशनाचा. ज्याचे नाव खात्यावर लावले तोच मालक, ही समजूत सुशिक्षितांतही घट्ट आहे. ती चुकीची आहे. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून पैसा स्वीकारते, ती वारसांच्या वतीने. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बँक ठेवींबाबत हे स्पष्ट केले, आणि ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादात डिसेंबर २०२३ मध्ये समभागांबाबतही तेच तत्त्व मान्य केले. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारल्यास विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई या साऱ्यांना समान वाटा मिळतो. सुन्नी मुस्लिम विधवेचा वाटा अपत्ये असल्यास एक-अष्टमांश, नसल्यास एक-चतुर्थांश असतो. तरीही नामनिर्देशनाचे महत्त्व कमी होत नाही, कारण त्यामुळे पैसा बँकेतून लवकर बाहेर पडतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीवर चार जणांपर्यंत नावे लावता येतात.

पैसा देण्याच्या टप्प्यावर रिझर्व्ह बँकेने अलीकडे बरेच केले आहे. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार नामनिर्देशन नसलेल्या खात्यातही १५ लाखांपर्यंतचे, सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतचे, दावे न्यायालयीन कागदांशिवाय सोप्या रीतीने निकालात काढावयाचे आहेत. कागदपत्रे पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत दावा निकालात निघाला पाहिजे, आणि बँकेमुळे विलंब झाल्यास तिने व्याज भरावयाचे आहे. ३१ मार्च २०२६ ही अंमलबजावणीची अखेरची मुदत ठरविण्यात आली. परंतु हे सारे खाते सापडल्यानंतरचे. सापडण्याचे ओझे आहे तेथेच, म्हणजे वारसाच्या डोक्यावर आहे.

ते तेथे असण्याचे कारण नाही. फ्रान्समध्ये सर्व बँक खात्यांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे आणि वारसांच्या वतीने नोटरी तिच्यात शोध घेऊ शकतो. २०१४ च्या एकर्ट कायद्याने तेथील बँकांवर आणखी एक कर्तव्य टाकले: निष्क्रिय खात्यांचे मालक हयात आहेत काय, हे त्यांनी दरवर्षी मृत्यूंच्या राष्ट्रीय नोंदीशी ताडून पाहावयाचे. आपल्याकडे साधने नाहीत असे म्हणता येणार नाही. खात्यांना पॅन जोडलेला आहे. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात बचत खात्यांवरील व्याज बँकवार दिसते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात येऊन राष्ट्रीय माहितीसाठ्याची तरतूद झाली. ती माहिती मतदारयादी, शिधापत्रिका, पासपोर्ट इत्यादींसाठी वापरता येईल असे कायदा म्हणतो. त्यात बँक खात्यांचा नामनिर्देश मात्र नाही. मृताचे नाव मतदारयादीतून वगळण्याची जी तत्परता शासनाला हवीशी वाटते, तीच त्याची ठेव वारसांना कळविण्यात का नसावी?

गोपनीयतेचा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. कोणीही उठावे आणि कोणाचीही खाती पाहावीत, असे होता कामा नये. पण मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा घेऊन दिवाणी न्यायालयाने किंवा निबंधकाने बँका, टपाल खाते व पतसंस्थांकडून एकाच अर्जावर यादी मागविली, तर गोपनीयता भंगत नाही. ती योग्य माणसापाशी पोहोचते, इतकेच. कायद्यात ही तरतूद झाली पाहिजे.

ती होईपर्यंत घराघरांनी करावयाच्या गोष्टी आहेत. पती-पत्नी दोघांनीही आपली खाती, ठेवी, पतसंस्था, विमा यांची एका कागदावर नोंद करून तो दुसऱ्याला दाखवावा. दरवर्षी मार्चमध्ये तो ताजा करावा. ज्यांच्या घरी असा कागद नाही, त्यांनी पगारपत्रकातील कपाती, आयकर विवरण आणि पासबुकातील नोंदी तपासाव्यात. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर ती पंतप्रधान जीवनज्योती विम्याची दोन लाखांची खूण असू शकते. आणि दहा वर्षे उलटली म्हणून हताश होऊ नये. निधीत गेलेली रक्कम वारसाला मूळ बँकेमार्फत मागता येते, तिचा हक्क मुदतीने संपत नाही. हा पैसा कोणाची मेहेरबानी नसून कोणाच्या तरी आयुष्यभराच्या नोकरीतील बचत आहे. तो मागण्यात संकोच कसला?