लांडग्यांच्या प्रेमकथा मुलींना वाचू द्या

सोळा-सतरा वर्षांची मुलगी वेअरवूल्फच्या, म्हणजे लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसांच्या, प्रेमकथांची मालिका वाचत असेल, तर तिच्या हातातून पुस्तक काढून घेऊ नका. तिचं वाचून झालं की मागून घ्या आणि स्वतः वाचा. हे मी कळकळीने सांगते आहे. सोलापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. प्रॅक्टिकलच्या जर्नलखाली दडवलेली ही जाडजूड पुस्तकं मी वर्षानुवर्षं पाहिली. ती जप्त केली नाहीत. ‘झालं की मला दे,’ एवढंच म्हणायचे. मुली देत, आणि मग मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी येऊन विचारत, ‘मॅडम, कुठपर्यंत आलात?’

पालकसभेत या पुस्तकांबद्दल दोन तक्रारी यायच्या. एक उघडपणे: हे सगळं भंपक आहे, बारावीचं वर्ष वाया चाललंय. दुसरी सभा संपल्यावर, बहुधा एखादी आई बाजूला घेऊन करायची: यात नको ते असतं. दोघांनाही मी सांगत असे की तुमची मुलगी ज्या वयात आहे, त्या वयात शरीर तिला न विचारता बदलतं. नको तिथे केस येतात, रक्त येतं, भूक वाढते, राग अनावर होतो, आरशातला चेहरा रोज वेगळा दिसतो. माणसाचं अंग बदलून लांडग्याचं होण्याची गोष्ट या वयात जवळची वाटणारच. पुनरुत्पादनाचा धडा मी दर वर्षी शिकवला. त्यात संप्रेरकांची नावं आहेत, आकृत्या आहेत. पण त्या बदलाची धास्ती आणि त्यातला आनंद कुठेच नाही. ते दोन्ही या मुली कादंबऱ्यांत शोधतात.

ॲनेट कर्टिस क्लॉज यांची ‘ब्लड अँड चॉकलेट’ ही कादंबरी 1997 मध्ये आली. तिची नायिका विवियन जन्मानेच मानव-लांडगी आहे, अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात राहते, आणि तिला स्वतःचं शरीर मनापासून आवडतं. एडन नावाच्या साध्या माणसाच्या पोरावर तिचं प्रेम बसतं. आपलं खरं रूप पाहून तो हरखून जाईल, या भरवशावर ती त्याच्यासमोर रूप बदलते. तो भीतीने थिजतो. आपण जशा आहोत तशा समोर आल्यावर समोरच्याने दचकून मागे सरकणं काय असतं, हे आपल्या मुलींना कळत नाही असं का समजायचं?

या सगळ्या प्रकारात मला सर्वांत मोलाची वाटते ती मॅगी स्टीफव्हॉटर यांची ‘मर्सी फॉल्स’ मालिका. ‘शिव्हर’ 2009 मध्ये आली, मग ‘लिंगर’ आणि ‘फॉरेव्हर’. गोष्ट घडते मिनेसोटात, जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. इथे पौर्णिमेचा काही संबंध नाही. थंडी पडली की माणसाचा लांडगा होतो, ऊब आली की लांडग्याचा माणूस. ‘शिव्हर’मध्ये प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर कोण बोलतंय त्याचं नाव आणि त्या वेळचं तापमान फॅरनहाइटमध्ये छापलेलं आहे. वाचताना नजर आधी त्या आकड्यावर जाते. आकडा उतरला की पोटात गोळा येतो, कारण सॅम नावाच्या त्या मुलाचे माणूसपणाचे दिवस त्या आकड्यावर ठरलेले असतात. दर वर्षी माणसाचा काळ कमी होत जातो, आणि एका वसंतात लांडगा परत माणूस होतच नाही. त्याच्यावर प्रेम करणाऱ्या ग्रेसला हे ठाऊक आहे. तिच्यासाठी प्रेम म्हणजे खिडक्या बंद करणं, गाडीचा हीटर लावून ठेवणं, त्याच्या अंगावर कोट घालणं. प्रेमाची इतकी घरगुती आणि इतकी घाईची भाषा मला मोठ्यांच्या कादंबऱ्यांतही क्वचित भेटली.

या मालिकेत एक इलाज येतो. मेंदूज्वराची लागण करून ताप इतका चढवायचा की आतला लांडगा जळून जावा. एक मुलगा त्यात मरतो, सॅम वाचतो. ‘मॅडम, असं होऊ शकतं का?’ असं एका मुलीने विचारलं, तेव्हा मी तिला युलियस वाग्नर-याउरेग यांची हकिकत सांगितली. व्हिएन्नाच्या या डॉक्टरांनी 1917 मध्ये सिफिलिस मेंदूपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांना मुद्दाम मलेरियाची लागण केली, तापाने रोगजंतू मरावेत म्हणून. काही रुग्ण दगावले, काही सुधारले, आणि 1927 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पुढे पेनिसिलिन आलं आणि हा उपचार मागे पडला. ताप हा शरीराचा बचाव असतो, हे मी फळ्यावर अनेकदा लिहिलं होतं. पण त्या तासाला वर्गाने ज्या कानांनी ऐकलं, तसं एरवी ऐकलं नव्हतं.

आता या पुस्तकांची दुसरी बाजू. ती मी झाकून ठेवणार नाही, कारण पुस्तक काढून घेण्याऐवजी सोबत वाचा असं मी म्हणते ते तिच्यासाठीच. यांतल्या कितीतरी कथांमध्ये जबरदस्तीला नशिबाचं नाव दिलेलं असतं. स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ मालिका 2005 ते 2008 या काळात आली आणि जगभर वाचली गेली. त्यातल्या ‘एक्लिप्स’मध्ये लांडगा होणारा जेकब नायिका बेलाचं तिच्या मनाविरुद्ध चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते आणि तिचाच हात मोडतो. घरी आल्यावर तिचे वडील जेकबला शाबासकी देतात. कथा तिथे थांबत नाही, पुढे निघून जाते. मुलीने नकार दिला, सगळ्या ताकदीनिशी दिला, आणि सगळी हानी तिचीच झाली, हे मात्र वाचणाऱ्या मुलीच्या मनात राहतं.

त्याच मालिकेत ‘इंप्रिंटिंग’ आहे. लांडग्याची नजर एखादीवर पडते आणि त्या क्षणापासून तो तिचाच होतो, दुसरा मार्ग उरत नाही. शेवटच्या पुस्तकात जेकब असा बांधला जातो तो एका नवजात बाळाशी. मोठी झाल्यावर तिने काय निवडायचं, हे पाळण्यातच जवळपास ठरून जातं. आणि लिआ क्लिअरवॉटर आहे, त्या कळपातली एकुलती एक मुलगी. सॅम उली तिचा प्रियकर. तो तिच्याच नात्यातल्या बहिणीवर इंप्रिंट होतो आणि लिआला सोडतो. पुढे ती स्वतः लांडगी होते, आणि कळपाला एकमेकांचे विचार ऐकू येत असल्यामुळे तिचं दुःख सगळ्या पोरांना रोज ऐकावं लागतं. ती पोरं तिला कटकटी म्हणतात.

‘पण मॅडम, यात सॅमची काय चूक? ते आपोआप होतं,’ असं माझी एक विद्यार्थिनी म्हणाली होती.

‘नसेल चूक. पण लिआने काय करायचं, सांग ना.’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तिला कोणी विचारलंच नाही.’

वाचनाचं शिक्षण म्हणतात ते हेच. ही मुलगी पुस्तक टाकून देणार नव्हती, तिने द्यायलाही नको होतं. पण त्या दिवसापासून तिच्याकडे एक प्रश्न होता, जो ती पुढच्या प्रत्येक पुस्तकाला विचारू शकत होती: यातल्या मुलीला नाही म्हणता येतं का, आणि ती नाही म्हणाली तर पुढे काय होतं?

मोबाइलवर रोज एकेका भागाने येणाऱ्या कथांमध्ये तर या प्रश्नाची फारच गरज आहे. तिथल्या मानव-लांडग्यांचा प्रमुख ‘अल्फा’ असतो. तो गुरगुरतो, हुकूम सोडतो, नायिकेवर हक्क सांगतो, आणि लांडग्यांचा स्वभावच असा म्हणून सगळं माफ होतं. जीवशास्त्राची शिक्षिका म्हणून इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. लांडग्यांचा स्वभाव असा नाही. मारामारी करून पुढारीपण मिळवणाऱ्या लांडग्याची कल्पना रुजली ती रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 च्या अभ्यासातून, आणि तो अभ्यास होता प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा. डेव्हिड मेक यांनी 1970 मध्ये ‘द वुल्फ’ या पुस्तकातून ती जगभर पोहोचवली. पण मेक तिथे थांबले नाहीत. कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर त्यांनी अनेक उन्हाळे रानातल्या लांडग्यांजवळ काढले आणि 1999 मध्ये शोधनिबंध लिहून सांगितलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पिल्लं. पिल्लं मोठी झाली की घर सोडतात, जोडीदार शोधतात, आपलं कुटुंब मांडतात. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा, असा धोशा त्यांनी प्रकाशकाकडे लावला, आणि शेवटी ते बंद झालं. मेक यांची कर्मभूमी म्हणजे मिनेसोटा, सॅम आणि ग्रेसचाच प्रदेश. अलास्का वगळता अमेरिकेत बाकी सगळीकडून लांडगा जवळपास संपला, तेव्हा तो टिकून राहिला होता मुख्यतः तिथल्या जंगलात.

कळप म्हणजे कुटुंब, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर, माळढोक अभयारण्यात, मुलांना घेऊन आम्ही जात असू. एका हिवाळी सकाळी गवताच्या कडेला बिळापाशी पिल्लं दिसली. लांबून एक लांडगा दुडक्या चालीने आला. पिल्लं धावली, त्याच्या तोंडाला तोंड लावून चाटू लागली, आणि त्याने मान खाली घालून पोटातलं मांस त्यांच्यापुढे ओकलं. ती खात असताना तो बाजूला उभा राहिला, वाऱ्याकडे तोंड करून. वाचनात सदैव अल्फा-अल्फा करणारा एक मुलगा दुर्बीण खाली ठेवून म्हणाला, ‘मॅडम, हा तर बाप आहे.’ या कथा वाचणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि मुलाला हे ठाऊक असावं. कादंबरीतला दांडगेपणा लांडग्याकडून आलेला नाही, माणसाने तो लांडग्याच्या अंगावर टाकला आहे.

न विचारता घेण्याचा आणखी एक प्रकार ‘ट्वायलाइट’मध्ये आहे, आणि तो पुस्तकाबाहेरचा आहे. त्यातले लांडगे क्विल्यूट जमातीचे दाखवले आहेत. ही जमात खरी आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, पॅसिफिकच्या काठावर ला पुश इथे ती राहते, जेमतेम एक चौरस मैलाच्या राखीव भूमीवर. त्यांच्या मूळकथेत त्यांचे पूर्वज लांडग्यांतून घडले. माणसांचे पुन्हा लांडगे होणं आणि रक्तपिपासूंशी वैर ही भर लेखिकेची. सिॲटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीच्या सहकार्याने पुस्तकातलं काय आणि खरं काय हे मांडून दाखवलं. चाहत्यांचे लोंढे किनाऱ्यावर येत होते, तेव्हा तिथल्या लोकांना चिंता होती त्सुनामीची, कारण त्यांची शाळा अगदी समुद्रालगत होती. 2012 मध्ये कायदा होऊन त्यांना ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातली उंचावरची जमीन मिळाली आणि शाळा वर नेता आली. जिवंत माणसांच्या श्रद्धेवर कोट्यवधींची मालिका उभी करताना त्यांना आधी विचारायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. लिआसाठी रडणाऱ्या मुलीला हेही सांगायला हवं, कारण दोन्हीकडे प्रश्न तोच आहे.

मग करायचं काय? कनिष्ठ महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी ही पुस्तकं घ्यावीत, उघड्या मांडणीवर ठेवावीत, आणि ‘शिव्हर’सारखी चांगली मालिका कोणती ते मुलांना सांगावं. आई-वडिलांनी वाचून झाल्यावर चौकशी न करता गप्पा माराव्यात. मुलग्यांनाही या गप्पांत बसवावं, कारण नकार ऐकून घेणं त्यांना शिकायचं आहे. आणि आपल्या लेखक-प्रकाशकांना माझी विनंती आहे. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींची गूढकथा आहे. पण त्या दोहोंच्या मधल्या वयासाठी, सोळा-सतराच्या मुलीसाठी, प्रेम आणि भय एकत्र सांगणारी मराठी कादंबरी शोधावी लागते. आपल्या माळरानावर लांडगा अजून आहे, धनगरांच्या वाड्यावर त्याच्या गोष्टी आहेत. ज्या मुलीला तिथे नाही म्हणता येईल आणि तरी गोष्ट तिचीच राहील, अशी एखादी मालिका कोणी मराठीत लिहावी. तोवर मुली मिनेसोटाचे लांडगे वाचतील. वाचू द्या, आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही वाचा.